मामाजींचे डोळे बांधले होते तेव्हा

मामाजींनी मला शिवी दिली ती अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात. त्याआधी ते मला कधी वाईट शब्द बोलले नव्हते. खरे सांगायचे तर चांगलाही बोलले नव्हते. मी त्यांची एकुलती एक सून, पण लग्न होऊन या घरात आल्यापासून आम्हा दोघांचे बोलणेच नव्हते. आमच्या माळ्यांच्या घरात ती रीत होती. सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही. पदर पुढे ओढायचा आणि भिंतीच्या कडेने जायचे. काही सांगायचे झाले तर लेकराच्या नावाने सांगायचे. मी चुलीपाशी बसून म्हणायची, "पोरी, आजोबाले म्हण, जेवायले चाला." ते ओसरीवरून म्हणायचे, "पोरी, आईले सांग, हात धुवून राहिलो." पोरगी कित्येकदा पाळण्यात झोपलेली असे. तरी आमचे असेच चाले आणि कोणाला त्यात नवल वाटत नसे.

मी खोलीत शिरण्याआधी बांगड्या वाजवायची. तेवढ्यावरून त्यांना कळे की सून आली. मग ते तोंड भिंतीकडे फिरवत, मी ताट ठेवून बाहेर निघून येई. इतकी वर्षे एका घरात राहून त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला असेल असे मला वाटत नाही.

आमचे घर अकोल्याला जुन्या शहरात आणि मळा मोर्णेच्या काठाला. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि कडेने वांगी, मेथी. हार करण्यात मामाजींचा हात धरणारा कोणी नव्हता. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि सगळेच बसले. उजवा डोळा तर एका फिरत्या सुईवाल्याने घालवला होता. तो बाजारात बसून मोतीबिंदू सुईने खाली ढकलून द्यायचा. दोन दिवस मामाजींना दिसले, ते सगळ्या गल्लीत सांगत फिरले, आणि मग डोळा सुजून पांढरा पडला. त्या डोळ्याला फक्त उजेड आहे की नाही एवढे कळे. उरला डावा. त्याचाही मोतीबिंदू पिकला तेव्हा ते पांढरी शेवंती आणि पिवळा झेंडू हाताने चाचपून, वास घेऊन वेगळा करू लागले. हा डोळा गेला तर माणूस कायमचा आंधळा, हे घरात सगळ्यांना माहीत होते, पण बोलत कोणी नव्हते.

शेवटी थंडीच्या दिवसांत आम्ही तिघे आगगाडीने निघालो, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला आलो. सासूबाई मागेच वारल्या होत्या, म्हणून स्वयंपाकाला आणि सेवेला मी. मुलीला माझ्या नणंदेजवळ ठेवले होते.

डॉक्टरसाहेबांनी डोळा पाहिला आणि ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, विचारले, "नशापाणी काही आहे का? तंबाखू, दारू, अफू?"

हे म्हणाले, "नाई जी. सुपारीसुद्धा खात नाई."

मी पदराआड दचकले. मामाजी रोज दिवे लागले की मुगाच्या दाण्याएवढी अफूची गोळी घेत. सांध्यांसाठी म्हणून कधी सुरू केली आणि मग ती राहिलीच. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांत त्यात काही विशेष नव्हते, सरकारी दुकानातच मिळे. पण बाप शेजारी उभा असताना परक्या माणसापुढे त्याचे व्यसन सांगायचे, हे ह्यांच्या तोंडून कसे निघणार? मामाजीही गप्प राहिले. मुलाने मान राखला, तो त्यांनी ठेवून घेतला. मी तर बोलणारच नव्हते.

ऑपरेशनच्या आधी मामाजींना मोठ्या वॉर्डात खाट मिळाली होती. शेजारच्या खाटेवर दर्यापूरकडचा एक कास्तकार होता. कापसाच्या गाडीवरून पडून त्याने पाय मोडून घेतला होता आणि दिवसभर कोणाची ना कोणाची टिंगल करत असे.

"काहो पाटील," तो ह्यांना म्हणाला, "तुमची बायको मुकी हाये का?"

"मुकी काहून असन?"

"नाई, तुमी आल्यापासून म्या आवाज आयकला नाई. माही बायको अशी असती तर म्या दोन्ही पाय मोडून घेतले असते खुशीनं."

मामाजी हसले. ते दवाखान्यातले त्यांचे शेवटचे धड हसणे. मी तोंड फिरवून भांडी आवरत बसले, पण मलाही हसू आले होते.

ऑपरेशन झाले. डोळ्यात औषधाचे थेंब घालून, माणूस जागा असतानाच करतात. मामाजींनी हूं की चूं केले नाही, असे कंपौंडर सांगत होता. मग त्यांना मोठ्या वॉर्डातून काढून व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत नेले. खिडकीला जाड काळे पडदे. दोन खाटा, त्यातली एक रिकामी. मामाजींच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, उताणे पडून राहायचे, मान हलवायची नाही, खोकायचे नाही, उठून बसायचे तर नावच नाही. जखम ताजी आहे, धक्का बसला तर डोळा वाहून जाईल. वाहून जाईल म्हणजे काय ते मला कळले नाही, पण ऐकून अंगावर काटा आला.

त्या संध्याकाळी मी दूध घेऊन आत गेले. सवयीने बांगड्या वाजल्या. आणि मामाजींनी, सवयीनेच, मान भिंतीकडे फिरवली. वाळूची पिशवी खाली पडली.

नर्सबाई धावत आल्या. "अरे बाबा, मान! मान हलवायची नाही सांगितलं ना!" त्या मला रागावल्या नाहीत, त्यांना कारण माहीतच नव्हते. पण ह्यांना माहीत होते. ह्यांनी मला बाहेर नेऊन सांगितले, "तुह्या बांगड्या वाजल्या का बुढा मान फिरवते. आवाज करू नको. बिलकूल आवाज करू नको."

मी जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, दोन्ही हातांतल्या बांगड्या वर कोपराकडे सरकवल्या आणि त्यांवर चिंधी घट्ट गुंडाळली. मनगटे मोकळी झाली. आता मी आले गेले तरी काही वाजत नव्हते. मला बरे वाटले. डोळ्यासाठी आपणही काही केले असे वाटले.

दुसऱ्या दिवशी ह्यांना अकोल्याला जावे लागले. लग्नाच्या हारांचे काम घेतलेले होते, शेवंती फुलून गेली होती, मळ्यात माणूस नव्हते. "येतो लवकर," म्हणाले आणि गेले. बापाला सांगून गेले, "सून हाये जवळ."

मी जवळ होते. स्टुलावर बसून असे. दूध द्यायची वेळ झाली की तोटीचे भांडे त्यांच्या ओठांना लावायची. पांघरूण सरकले तर नीट करायची. माशी बसली तर पदराने वारा घालायची. हे सगळे मी एक शब्द न बोलता आणि चाहूल लागू न देता करत होते. नर्सबाई दिवसातून काही वेळा येत, औषध घालत, आणि त्यांना पुष्कळ कामे असत.

दूध ते घोटभर घेत आणि ओठ मिटून घेत. पाणी तर नकोच. मला आधी वाटले, तहान नसेल. मग लक्षात आले. पाणी प्यायले की लघवीचे भांडे लागणार, आणि खोलीत कोण, तर सून. वॉर्डातल्या गड्याला बोलवायला हवे होते. पण मी गड्याला हाक कशी मारणार? मी व्हरांड्यात जाऊन खांबाशी उभी राहायची, त्याचे लक्ष जाईपर्यंत. कधी जाई, कधी जात नसे. आला की मी बाहेर थांबायची. तो बाहेर येऊन म्हणायचा, "बुढा काही करून नाही राहिला, बाई. नुसता लाजते." आणि भांडे रिकामेच परत न्यायचा.

एका दुपारी मामाजींनी विचारले, "पहाट झाली का?"

मी मान हलवून नाही म्हटले. डोळे बांधलेल्या माणसाला मी मान हलवून उत्तर दिले. ते मला तेव्हा कळलेही नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा विचारले, "कोणी हाये का?" मी पुढे होऊन पांघरूण नीट केले. मला वाटले, एवढ्यावरून कळेल.

त्यानंतर त्यांची बोटे हवेत चालू लागली. एका हाताच्या चिमटीत सुई, दुसऱ्या हातात फूल, असे ते काही नसताना ओवू लागले. अगदी बरोबर, गाठ मारायची तशी मारत होते. मी पाहून पदराआड हसलेसुद्धा. म्हटले, पडून पडून कंटाळले, मनात हार करत आहेत. मग ते हळूच म्हणाले, "हा कोणाच्या तिरडीचा हाये? लवकर सांगा बापा, लोक खोळंबले."

माझे हसू तिथेच गेले.

त्या रात्री ते झोपले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तर ते मामाजी राहिलेच नाहीत. अंगावरच्या मुंग्या झटकत होते, मुंगी एक नव्हती. मध्येच मोटेच्या बैलांना ओरडत, "फिर माघारी! फिर!" आमची मोट बंद होऊन किती काळ झाला होता. मध्येच एकदम शांत होत आणि मग मळ्याबद्दल असे शहाण्यासारखे बोलत की मला वाटे, गेले ते वेड, आता बरे आहेत. आणि लगेच परत सुरू. मी आयुष्यात असे काही पाहिले नव्हते. वेडी माणसे पाहिली होती, माझ्या माहेरी दर्यापूरला एक होता, पण तो वर्षानुवर्षांचा वेडा होता. चार दिवसांपूर्वी आगगाडीत बसून बाहेर कोणते पीक आहे हे वासावरून ओळखणारा माणूस एका दिवसात असा होतो, हे मला कोणी सांगितले असते तर मी खरे मानले नसते.

दुपारी मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसायला हात लावला आणि ते किंचाळले, "कोण हाये ही रांड? बोलत काहून नाई? हात लावते अन् बोलत नाई!"

फडके माझ्या हातून पडले. मी खोलीतून बाहेर पळाले आणि व्हरांड्यात खांबाला धरून उभी राहिले. शिवीचे वाईट वाटायलाही मला वेळ नव्हता. मला एवढेच कळत होते की आत मामाजींच्या तोंडाने कोणी दुसरेच बोलत आहे.

दर्यापूरचा कास्तकार कुबड्या घेऊन तेथवर आला होता. आज तो चेष्टा करत नव्हता. "बाई, दवाखान्यात लय लोक मरतेत," तो खाली आवाजात म्हणाला. "सांजेची हवा लागली असन बुढ्याले. मालक आले का घरी घेऊन जा. आमच्या गावात एक जाणता हाये, उतरवून देते."

हे आले असते तर त्यांनीही तेच म्हटले असते, आणि गाडीत घालून नेले असते. मग डोळ्याचे काय? मी कास्तकाराला उत्तर दिले नाही. परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. मी आत गेले, कारण जाण्यासारखी दुसरी जागा नव्हती.

दिवे लागायच्या वेळेला मामाजी शांत झाले होते. ओठ फुटले होते. त्यांनी स्वतःहून म्हटले, "पाणी." मला इतका आनंद झाला. मी तोटीचे भांडे भरले आणि पुढे केले. त्यांनी भांडे धरायला हात वर केला आणि भांड्याऐवजी त्यांच्या हाताला माझे मनगट लागले.

त्यांनी ते घट्ट धरले. अंगठ्याने चाचपले. इकडून तिकडे चाचपले. मग दुसरा हात वर आणून माझा दुसरा हात शोधला आणि त्याचेही मनगट चाचपले. मी दगडासारखी उभी. सुनेचा हात सासऱ्याच्या हातात, ह्याच लाजेने मी अर्धी मेले होते, त्यामुळे ते काय शोधत आहेत हे माझ्या ध्यानात आले नाही.

मग त्यांचा चेहरा वाकडा झाला. "बांगड्या," ते म्हणाले. "माय वो. बांगड्या कोठी गेल्या?"

आणि ते रडायला लागले. असे रडणे मी पुरुषाचे ऐकले नव्हते. "माहं पोरगं गेलं! सुनेच्या बांगड्या फोडल्या अन् मले कोणी सांगतलं नाई! मले इथी अंधारात बांधून ठेवलं अन् पोरगं नेलं! तोंड तरी पाहू द्या रे!" असे म्हणत त्यांनी एक कोपर गादीवर टेकला आणि ते उठू लागले. पिशव्या दोन्हीकडे पडल्या. एक हात पट्टीकडे गेला.

त्यांना मुलाचे तोंड पाहायचे होते, म्हणून ते पट्टी ओढत होते.

मी त्यांचा हात धरला. म्हाताऱ्याच्या अंगात एवढे बळ कुठून आले कोण जाणे. पट्टी एका कानावरून सरकली. मी ओरडले. मी म्हटले, "मामाजी, हे जिते हायेत! अकोल्याले गेले, हारासाठी! जिते हायेत! माह्या बांगड्या हायेत, वर बांधल्या म्या, तुमी मान हलवू नये म्हणून!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असावा.

मामाजींचा हात थांबला. तोंड उघडे राहिले. ते माझ्या आवाजाकडे कान लावून होते. "कोण बोलून राहिलं?"

"सून हाये मी. तुमची सून."

"सून बोलत नाई," ते म्हणाले.

मी दाताने चिंधीची गाठ सोडली, बांगड्या खाली पाडल्या आणि त्यांचा हात धरून त्यावर ठेवला. त्यांनी एकेक बांगडी मोजल्यासारखी चाचपली. मग त्यांचे अंग सैल पडले आणि मी त्यांचे डोके दोन्ही हातांनी धरून उशीवर टेकवले.

तोवर नर्सबाई आणि मागून डॉक्टरसाहेब आले होते. नर्सबाई पट्टी पाहून म्हणाल्या, "हात खाटेला बांधून टाकू या, साहेब." त्यांच्या हातात कापडाच्या पट्ट्या होत्याही. डॉक्टरसाहेबांनी आधी मामाजींचे पोट दाबून पाहिले. ते नगाऱ्यासारखे टणक झाले होते. मामाजी विव्हळले.

"लघवी कधी झाली?" त्यांनी विचारले. कोणालाच माहीत नव्हते. "पाणी किती पितात?" मी मान हलवली, आणि मग आठवण होऊन तोंडाने म्हटले, "पीत नाहीत. मी असते म्हणून."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "आणि तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"लग्नापासून."

नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टरसाहेबांनी विचारले, "बाई, आता खरं सांगा. अफू घेतात का?"

मामाजी ऐकत होते. मी त्यांच्या अंगावरचे पांघरूण मुठीत धरले आणि म्हटले, "सांजेला. मुगाएवढी."

मामाजींनी नुसते ओठ चाटले.

डॉक्टरसाहेब चिडले, पण माझ्यावर नव्हे, नुसते चिडले. रबराची नळी घालून त्यांनी लघवी काढवली. मी बाहेर उभी होते, तरी भांडे भरल्याचा आवाज ऐकू आला. मग अफूचे थोडे औषध पाण्यातून दिले. पट्टी नीट बांधली, पण उजव्या, गेलेल्या डोळ्यावरची काढून टाकली. खिडकीचा पडदा अर्धा सारायला सांगितला. "त्याला निदान दिवस आणि रात्र कळू दे," ते म्हणाले.

मला त्यांनी व्हरांड्यात समजावले. हे वेड नाही, भूत नाही. म्हातारे माणूस आहे, घर सुटले, डोळे बांधले, ओळखीचा शब्द कानावर नाही, पोटात पाणी नाही, लघवी तुंबलेली, झोप नाही, आणि रोजची अफू एकदम बंद. तरुण माणूस असता तर एवढे सगळे सोसून गेला असता. म्हाताऱ्याचे डोके तेवढ्याने सुटते. "परत जाग्यावर येईल," ते म्हणाले, "बहुतेक येतं. डोळ्याचं मात्र आता मी काही सांगत नाही. पट्टी ओढली गेली आहे. यापुढे तो हलला नाही पाहिजे. हात बांधले तर आणखी झटापट करेल. तुम्ही बोलत राहा. कुठे आहे, किती वाजले, कोण आलं, काहीही. बोलण्याने शांत राहिला नाही तर मग बांधावेच लागेल."

नर्सबाईंनी त्या पट्ट्या खाटेच्या दांडीवर अडकवून ठेवल्या.

मी स्टुलावर बसले. काय बोलायचे? मी म्हटले, "मामाजी, हा अमरावतीचा दवाखाना हाये. दिवे लागले." मग म्हटले, "बाहेर लिंबाखाली लोक भाकरी करून राहिले." मग पाणी चमच्याने दिले. मग मळ्यातल्या वाफ्यांबद्दल सांगितले, कोणत्या वाफ्यात काय लावले आहे, हे ते माझ्यापेक्षा चांगले जाणत होते. तेवढ्यात माझे बोलणे संपले. इतक्या वर्षांचे साचलेले बोलणे असेल असे कोणाला वाटेल, पण काही नव्हते. मी गप्प झाले की त्यांची बोटे पांघरूण चिवडू लागत आणि माझी नजर दांडीवरच्या पट्ट्यांकडे जाई.

म्हणून मी पाढे म्हणायला लागले. बे एके बे, बे दुणे चार. शाळेत म्हणायचो तसे, झुलून. दुसरे मला पाठ काही नव्हते. बारापर्यंत गेले तेव्हा मामाजी म्हणाले, "कोणाचं लेकरू हाये? पाढे म्हणून राहिलं."

"मीच हाये, मामाजी. सून."

"तुले पाढे येतेत?"

"चौथी झाली माही. दर्यापूरच्या शाळेत."

ते अगदी पहिल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मले कोणी सांगतलं नाई." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "म्हण पुढं."

पूर्ण शुद्ध एकदम आली नाही. सकाळी ठीक असत, ऊन उतरले की पुन्हा बैल दिसत. पण मी आहे म्हटले की ते ऐकत आणि डोके हलवत नसत. हे परत आले तेव्हा मी पंधराचा पाढा म्हणत होते. हे दारातच उभे राहिले. हातात अकोल्याहून आणलेली पेढ्यांची पुडी तशीच.

"काय वो? काय चालू हाये हे?"

त्यांना पाहून मी जुन्या सवयीने गप्प झाले, पदर ओढला.

"थांबली काहून?" खाटेवरून मामाजी म्हणाले. "पंधरा साते?"

ह्यांचा चेहरा मी विसरणार नाही. बापाचा डोळा बांधलेला, बायको बापाशी बोलते आहे, आणि बाप सुनेला पाढा विचारतो आहे. हे पुडी घेऊन खाली फरशीवरच बसले. मामाजींनी त्यांना जवळ बोलावले आणि त्यांच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवला. जिवंत आहे याची खात्री करून घेत होते. ह्यांना त्यातले काही ठाऊक नव्हते. मी व्हरांड्यात सांगितले तेव्हा ते पांढरे पडले आणि बांगड्यांकडे बघत राहिले. अफूचे सांगितले, तेव्हा म्हणाले, "बुढ्यासमोर सांगतलं?" एवढेच.

ज्या सकाळी पट्टी कायमची सोडायची होती त्या सकाळी मी काही खाल्ले नाही. डॉक्टरसाहेबांनी कापूस हळूहळू ओला करून सोडवला. पापणी उघडली. डोळा लाल होता आणि बाहुली एका बाजूला ओढल्यासारखी, टोकदार झाली होती. डॉक्टरसाहेबांनी ते पाहून ओठ दाबले. मी पाहत होते. मग त्यांनी दोन बोटे पुढे धरली.

मामाजींनी डोळा बारीक केला.

"दोन," मामाजी म्हणाले. "पण धुयीतून दिसल्यावानी दिसून राहिलं."

डॉक्टरसाहेब म्हणाले, धक्का बसला नसता तर याहून चांगला झाला असता. तरी डोळा राहिला. पुढे जाड चष्मा लावल्यावर त्यांना माणसे ओळखू येतील, वाटेने चालता येईल. सुई ओवणे मात्र आता नाही.

आणि तसेच झाले. चष्मा आला. ते काठी टेकत मळ्यात जाऊ लागले, शेवंती आणि झेंडू पाहून वेगळा करू लागले. हार मी करू लागले. आमचे बोलणे मात्र गाडीत बसलो तेव्हाच बंद झाले होते. कोणी बंद करा म्हटले नाही. बडनेऱ्याला गाडी बदलताना मामाजी म्हणाले, "पोरी, आईले सांग, पाण्याचा तांब्या दे," आणि पोरगी तर अकोल्यात होती. मी तांब्या दिला. मला बरेही वाटले आणि कसेतरीही वाटले.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मी मळ्यात झेंडू खुडत होते आणि मामाजी वाफ्याच्या कडेला बसून होते. हे बाजारात, मुलगी नणंदेकडे. आजूबाजूला कोणी नव्हते. त्यांनी चष्मा काढून धोतराने पुसला आणि तो हातातच ठेवला. डोळ्यांवर लावला नाही.

"सूनबाई," ते म्हणाले.

माझ्या हातातली टोपली तिथेच थांबली.

"तठी दवाखान्यात मी काय काय बोललो?"

मला सगळे आठवत होते. तिरडीचा हार, मुंग्या, ती शिवी आणि ते रडणे. इतक्या दिवसांत मी ते ह्यांनाही पुरते सांगितले नव्हते. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण चष्म्यावाचून त्यांना माझी नुसती सावली दिसत असणार. मला कळले की म्हणूनच त्यांनी तो काढला होता.

"मोट हाकत होते," मी म्हटले.

"आखीन?"

"आखीन काही नाही, मामाजी."

त्यांनी मान हलवली. खरे वाटले की नाही, मला सांगता येणार नाही. "तुले काही वाईटसाईट बोललो असन तर," ते म्हणाले, आणि तेथेच थांबले.

पाटाच्या दांडातले पाणी भरून मेथीच्या वाफ्यात शिरत होते. "मामाजी," मी म्हटले, "पाणी तिकडं चाललं. दांड वळवता का?"

त्यांनी चष्मा लावला, फावडे चाचपून घेतले, आणि उठले.